लोहाचा ठावठिकाणा

(राहू येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेचक्यातल्या या बेटभागात कालव्याची पाळी, गुऱ्हाळाचा भाव आणि उसात दडून बसलेला बिबट्या यांपलीकडे पारावर दुसरा विषय निघत नाही, अशी एक समजूत शहरगावी रूढ आहे. असे असता 'स्पिनेल-संयुगांतील लोहाच्या चुंबकीय व विद्युत् अतिसूक्ष्म अन्योन्यक्रिया' हा भलाथोरला मथळा मी व्याख्यानमालेच्या चालकांकडे रवाना केला आणि त्यांनी एका अक्षराचीही काटछाट न करता तो पत्रिकेवर छापला, याबद्दल त्यांचे आभार मानून मी विषयाला हात घालतो. प्रास्ताविक लांबविणे व्याख्यात्याला जितके सुखाचे वाटते तितके ते श्रोत्यांना वाटत नाही, हे मी अनेक व्याख्याने ऐकून शिकलो आहे.

खोडव्याच्या उसावर केवडा पडलेला आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. कोवळ्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, शिरांमधला भाग पिवळा पडतो, आणि दुखणे हाताबाहेर गेले म्हणजे सबंध पान पांढरेफटक होते. कारण विचारावे तर जाणकार सांगतो की लोह कमी पडले, आणि हिराकशीची फवारणी सुचवितो. आता ज्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही जमीन बनली त्या पाषाणात वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक लोहाची ऑक्साइडेच असतात. मग लोहाच्या राशीवर उभ्या असलेल्या पिकाला लोहाचाच दुष्काळ पडावा, हे कसे? उलगडा असा की, चुनखडीच्या जमिनीत हे लोह जवळजवळ सगळे फेरिक रूपात, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत, न विरघळणाऱ्या ऑक्साइडांत अडकून पडलेले असते आणि मुळांच्या हाती ते लागत नाही. हिराकशीतले लोह फेरस, म्हणजे दोनच इलेक्ट्रॉन गमावलेले, व पाण्यात विरघळणारे असते, म्हणून ते पानावर शिंपडताच गुण येतो. तात्पर्य, लोह किती आहे हे कळून भागत नाही. ते कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणत्या जागी बसले आहे हे कळावे लागते. ज्या पदार्थवैज्ञानिकांच्या कामाविषयी मी आज बोलणार आहे, त्यांनी आपली उमर याच एका चौकशीत घातली.

चौकशीची जिन्नस तुमच्या नदीतच आहे. पाणी ओसरल्यावर वाळवंटातून दोरीला बांधलेला एखादा चुंबक फरफटत नेला, तर पाचपन्नास पावलांच्या आत त्याला बारीक काळ्या कणांचे झुबके लोंबू लागतात. मुले हा खेळ खेळतात, आणि वाळूच्या उपशातून नदीत काही शिल्लक राहिली तर पुढेही खेळतील. हे कण टायटॅनोमॅग्नेटाइट या खनिजाचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरांवर थर साचले, ते निवताना त्यांत हे खनिज स्फटिकरूपाने वेगळे झाले, आणि पाषाण झिजला तेव्हा मोकळे होऊन पुराबरोबर वाहत आले. मॅग्नेटाइट हे लोहाचे काळे ऑक्साइड. त्यातील काही लोहाच्या जागी टायटॅनियम शिरले की टायटॅनोमॅग्नेटाइट होते. ही दोन्ही खनिजे स्पिनेल नावाच्या एका मोठ्या कुळातली आहेत.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड, एक रत्न. बादशाही खजिन्यात 'लाल' म्हणून ज्यांची नोंद होई त्यांपैकी कित्येक खडे, आणि इंग्लंडच्या राजमुकुटात शतकानुशतके माणिक म्हणून मिरविलेला एक प्रसिद्ध खडा, वास्तविक स्पिनेलच निघाले. परंतु रत्नपारख्यांचे हे प्रमाद आपल्या प्रकरणाबाहेरचे आहेत. आपल्याला प्रयोजन आहे ते स्पिनेलच्या अंतर्रचनेशी. ही रचना १९१५ साली इंग्लंडात ब्रॅग आणि जपानात निशिकावा यांनी, एकमेकांची वार्ता नसता, क्ष-किरणांच्या साहाय्याने उकलली. स्फटिकाच्या एका घनाकृती कोठ्यात ऑक्सिजनचे ३२ अणू दाटीने रचलेले असतात, आणि त्यांच्यामध्ये ज्या पोकळ्या राहतात त्या दोन प्रकारच्या: ज्यांच्याभोवती चार ऑक्सिजन असतात त्या चतुष्फलकी, आणि ज्यांच्याभोवती सहा असतात त्या अष्टफलकी. पहिल्या ६४ पोकळ्यांपैकी ८ आणि दुसऱ्या ३२ पैकी १६ धातूंच्या अणूंनी व्यापलेल्या असतात, बाकीच्या रिकाम्या. पहिलीला 'अ' आणि दुसरीला 'ब' जागा म्हणू. धातूंपैकी मुख्य लोह असेल तर त्या स्पिनेलला फेराइट म्हणतात. आपल्या घरातल्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचे झाकण उघडले असता तांब्याची बारीक तार गुंडाळलेली जी करड्या-काळ्या रंगाची कांडी दिसते, जिच्यावर शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आणि बाजारभाव उतरत असत, ती फेराइटचीच.

फेराइटाच्या चुंबकत्वाचे गणित मात्र पुष्कळ दिवस कोणाला जमेना. मॅग्नेटाइटमधील लोहाच्या अणूंचे चुंबकीय बल एकेक करून मांडले तर बेरीज १४ एककांची होते, कारण फेरिक लोहाचे बल ५ आणि फेरस लोहाचे ४, आणि एका रेणुसूत्रात दोन फेरिक व एक फेरस. पण मोजू जाता हाती लागतात सुमारे ४. उरलेली १० गेली कोठे? फ्रान्सच्या लुई नेएल यांनी १९४८ साली याचा जबाब दिला. 'अ' आणि 'ब' ही दोन खाती परस्परविरुद्ध आहेत, एकात जमा पडते तर दुसऱ्यात खर्च, आणि बाहेरून आपण मोजतो ती केवळ शिल्लक, असे त्यांनी दाखविले. 'अ'मध्ये एक फेरिक, बल ५, 'ब'मध्ये एक फेरिक व एक फेरस, बल ९, शिल्लक ४. या शोधासाठी त्यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या हिशेबातून एक चमत्कार निष्पन्न होतो, आणि त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या सबंध शास्त्रात मला इतके मोहविणारे दुसरे काही नाही. निकेल-फेराइट घ्या. त्यात 'अ' जागी फेरिक लोह, 'ब' जागी फेरिक लोह व निकेल. दोन्हींकडील लोह एकमेकांना खाऊन टाकते आणि निकेलचे २ एकक तेवढे शिल्लक राहतात. आता यातील अर्धे निकेल काढून तितके जस्त घाला. जस्ताला स्वतःचे चुंबकीय बल मुळीच नाही. निकेलसारख्या चुंबकीय धातूच्या जागी असा नादार इसम आणून बसविला तर चुंबकत्व घटेल, असे कोणीही म्हणेल. घडते उलटेच. जस्ताला 'अ' जागेची आवड. ते तेथे जाऊन बसते आणि तेथल्या अर्ध्या लोहाला 'ब'कडे हुसकावते. मग 'अ'कडे उरते २.५, 'ब'कडे होते ८.५, आणि शिल्लक २ वरून एकदम ६ वर जाते. रेडिओच्या कांडीत जस्त घालतात त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

पण हाच हिशेब पुढे ओढला तर केवळ जस्ताच्या फेराइटमध्ये शिल्लक १० व्हायला हवी, आणि प्रत्यक्षात जस्त-फेराइट साध्या तापमानाला चुंबकाला दादही देत नाही! 'अ' खाते रिकामे झाले म्हणजे 'ब'मधील लोहाला एका दिशेत धरून ठेवणारा कोणी उरत नाही आणि 'ब'ची मंडळी आपसांतच विरोधाला उभी राहतात. मधल्या अवस्थेत, जस्त बरेच पण पूर्ण नाही अशा वेळी, ती पूर्ण विरोधात न जाता एकमेकांशी कोन करून तिरपी होत असावीत, असे याफेट आणि किट्टल यांनी १९५२ साली प्रतिपादन केले. हे खरे की खोटे, हे शिल्लक पाहून कसे ठरणार? एकच शिल्लक दहा प्रकारच्या खतावण्यांतून निघू शकते. खाते आतून उघडून पाहणारा कोणीतरी हवा होता.

तो योगायोगाने सापडला, आणि ज्याने तो शोधला त्याच्या मनात फेराइट स्वप्नातही नव्हते. रुडॉल्फ मोसबाउअर हा जर्मन तरुण हायडेलबर्ग येथे डॉक्टरेटसाठी इरिडियमच्या अणुकेंद्रांतून निघणाऱ्या गॅमा किरणांचा अभ्यास करीत होता. अणुकेंद्राने किरण सोडला की बंदुकीप्रमाणे त्याला मागे धक्का बसतो, त्या धक्क्यात किरणाची काही ऊर्जा खर्ची पडते, आणि मग तो किरण त्याच जातीच्या दुसऱ्या अणुकेंद्राकडून शोषला जात नाही, अशी स्थिती होती. पदार्थ थंड केला की शोषण आणखी कमी व्हावे, असा सर्वांचा अजमास होता, ते वाढले. १९५८ साली त्याने याचे कारण सांगितले: घन पदार्थात घट्ट रोवलेल्या अणूंपैकी काहींच्या बाबतीत धक्का एकट्या अणूला न बसता सबंध स्फटिकाला बसतो, म्हणजे व्यवहारतः बसतच नाही. तीन वर्षांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याला नोबेल मिळाले.

इरिडियमपेक्षा लोह या कामाला कितीतरी सोयीचे ठरले. लोहाच्या शंभर अणूंपैकी सुमारे दोन अणू ५७ वस्तुमानाचे असतात, आणि त्यांचा १४.४ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅमा किरण इतका नेमक्या ऊर्जेचा असतो की त्या ऊर्जेत तीन लक्ष कोटी भागांत एका भागाचा फरक पडला तरी तो ओळखता येतो. मोकळ्या अणूच्या धक्क्यात जी ऊर्जा जाते ती या किरणाच्या स्वाभाविक रुंदीच्या चार लाख पटींनी अधिक. धक्का टळला नसता तर सगळेच मुसळ केरात.

उपकरण पाहाल तर साधे वाटते. ध्वनिक्षेपकात असते तशा हलत्या वेटोळ्याच्या टोकाला, लोहाचा हा किरण पुरविणारे कोबाल्ट-५७ मुरविलेली धातूची चकती बसविलेली असते. ती दर सेकंदाला फार तर दहा-बारा मिलिमीटर इतक्या मंद वेगाने मागेपुढे होते, आणि तेवढ्याने किरणाची ऊर्जा आपल्याला हवी तितकी तसूभर बदलते. समोर काही मिलिग्रॅम फेराइटची पूड दोन पातळ पापुद्र्यांमध्ये पसरून ठेवलेली असते, तिच्यामागे किरण मोजणारा गणक. ज्या वेगाला शोषण होते तेथे मोजणी किंचित उतरते. हा उतार शेकड्यात काही थोडकाच असल्याने खात्रीलायक आलेख हाती यायला कधी रात्र, कधी दोन दिवस लागतात. कोबाल्ट-५७ चे अर्धायुष्य सुमारे २७२ दिवसांचे, म्हणून तीनचार वर्षांत चकती निकामी होऊन नवी मागवावी लागते. तिची मंजुरी, आयातीचे दाखले आणि हिशेबतपासनीसांचे तगादे यांच्यातून पार पडलेल्या प्राध्यापकांना मी प्रयोगवीरांपेक्षाही वरचा मान देतो.

त्या आलेखात तीन प्रकारचे पुरावे असतात, आणि आजच्या मथळ्यातील अतिसूक्ष्म अन्योन्यक्रिया त्या ह्याच. पहिली विद्युतीय: अणुकेंद्र हा बिंदू नसून त्याला आकारमान आहे, आणि काही इलेक्ट्रॉन त्याच्या आतूनही वावरतात, त्यांची दाटी जितकी, त्याप्रमाणे शोषणाची जागा थोडी सरकते. या सरकण्याला आयसोमर शिफ्ट म्हणतात. फेरिक लोहाची शिफ्ट सेकंदाला ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास, फेरसची १ किंवा त्याहून अधिक. 'अ' जागेतल्या फेरिकची 'ब'मधल्यापेक्षा किंचित कमी. दुसरीही विद्युतीयच: भोवतालच्या अणूंची मांडणी सर्व बाजूंनी सारखी नसेल तर एका रेषेच्या दोन होतात, याला चतुर्ध्रुवी विभाजन म्हणतात. स्पिनेलची 'अ' जागा आदर्श स्थितीत पूर्ण समतोल, पण 'ब' जागा एका कर्णाच्या दिशेत थोडी ताणलेली असते. चुंबकाला दाद न देणाऱ्या जस्त-फेराइटचा आलेख म्हणूनच जवळ-जवळ उभ्या दोन रेषांचा येतो. तिसरी चुंबकीय: ज्या अणूचे चुंबकीय बल एका दिशेत टिकून आहे त्याच्या केंद्रावर प्रचंड चुंबकीय क्षेत्र पडते आणि रेषा सहा होतात. शुद्ध लोखंडात हे क्षेत्र सुमारे ३३ टेस्ला असते, मॅग्नेटाइटमध्ये 'अ' जागी ४९ आणि 'ब' जागी ४६. एवढे क्षेत्र सातत्याने उत्पन्न करणारी यंत्रे जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि भीमेच्या वाळूतला कण ते बिनखर्चाने बाळगून असतो.

मॅग्नेटाइटचा साध्या तापमानाचा आलेख म्हणजे सहा-सहा रेषांच्या दोन माळा, एक 'अ'ची, दुसरी 'ब'ची, आणि दुसरीचे वजन पहिलीच्या जवळजवळ दुप्पट: क्ष-किरणांनी सांगितलेला ८ व १६ चा हिशेब येथे स्वतंत्र साक्षीने शाबीत होतो. पण 'ब'मध्ये फेरिक आणि फेरस असे दोन प्रकारचे लोह असता माळ एकच का? तिची शिफ्ट ना फेरिकची ना फेरसची, तर मधलीच, ०.६६ च्या आसपास. याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की, फेरस लोहावरचा जादा इलेक्ट्रॉन शेजाऱ्यावर, शेजाऱ्याचा त्याच्या शेजाऱ्यावर, असा इतक्या त्वरेने फिरत असतो की सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाइतक्या अवधीत निरीक्षण करणाऱ्या अणुकेंद्राला त्यांची सरासरीच दिसते. उणे १५० अंश सेल्सियसच्या थोडे खाली ही धावपळ एकाएकी गोठते, विद्युत्‌वहन शेकडो पटींनी घटते, आणि आलेख गुंतागुंतीचा होतो. हॉलंडच्या फेरवे यांनी १९३९ साली हे संक्रमण वर्णन केले. गोठलेले इलेक्ट्रॉन नेमके कोठे बसतात, याचा वाद तेव्हापासून जो सुरू झाला तो एकविसाव्या शतकातही विद्वानांना पुरून उरला.

या शास्त्रात महाराष्ट्राचा वाटा नगण्य नाही. तिरप्या बलांचा जो वाद मी मघाशी अर्धवट सोडला, त्याचा एक महत्त्वाचा निवाडा तुर्भ्याच्या अणुभट्टीपाशी झाला. १९६० साली सुरू झालेल्या 'सायरस' भट्टीतील न्यूट्रॉन वापरून सत्यमूर्ती, नातेरा, युसेफ, बेगम आणि श्रीवास्तव यांनी निकेल-जस्त फेराइटांतील याफेट-किट्टल कोन मोजले. १९६९ च्या 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये आलेला त्यांचा लेख आजही या विषयावर लिहिणाऱ्याला टाळता येत नाही. पुढे पवईच्या आयआयटीत श्रीवास्तव आणि त्यांचे सहकारी यांनी स्पिनेल-फेराइटांतील दोन जागांमधल्या बलांचे अंक काढले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात व औरंगाबादेस फेराइटांच्या भट्ट्या कित्येक वर्षे धगधगत राहिल्या आहेत.

आणि विष्णु गणेश भिडे यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत असता त्यांनी मोसबाउअर तंत्रावर जे काम उभे केले त्यातून १९७३ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला आणि विद्यार्थ्यांच्या एका पिढीने या तंत्राचे प्राथमिक धडे त्यातून गिरविले. ऐंशीच्या दशकात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सौर ऊर्जा आणि शाळकरी मुलांचे विज्ञानशिक्षण यांचाही त्यांना तितकाच ध्यास होता. लोक त्यांना या पुढच्या कामांमुळे ओळखतात. माझ्या मते त्यांच्या बुद्धीची खरी धार मोसबाउअरच्या कामात दिसते.

न्यूट्रॉन सरासरी पाहतात, अणुकेंद्र आपापल्या जागेचे सांगते, हा दोन साक्षींमधला भेद. फेराइटची पूड मोठ्या बाह्य चुंबकीय क्षेत्रात ठेवली की 'अ'च्या केंद्रावरील क्षेत्र वाढते आणि 'ब'च्या केंद्रावरील घटते, कारण केंद्रावरचे क्षेत्र अणूच्या बलाच्या उलट दिशेला असते. त्यामुळे एकमेकांत मिसळलेल्या दोन माळा स्वच्छ विलग होतात. शिवाय बाह्य क्षेत्र किरणाच्या दिशेतच असेल आणि सारी बले त्या रेषेत सरळ उभी असतील तर सहांपैकी दुसरी आणि पाचवी रेषा समूळ नाहीशी झाली पाहिजे. ती उरली, आणि 'ब'च्या माळेतच उरली, तर 'ब'ची बले तिरपी आहेत हे अन्य पुराव्याशिवाय सिद्ध.

आता शेवटी दख्खनच्या पाषाणाकडे. लाव्हा निवताना त्यातील टायटॅनोमॅग्नेटाइटने त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात गोठवून ठेवली. १९५० नंतरच्या दशकात लंडनच्या क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी, आणि मागोमाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी, दख्खनचे दगड तपासले, तेव्हा हा लाव्हा साचत असता भारतभूमी विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस होती असा निष्कर्ष निघाला. भूखंडे सरकतात ही कल्पना ज्या काळी थट्टेचा विषय होती त्या काळातली ही साक्ष आहे. परंतु साक्षीदार विश्वसनीय आहे काय, हे आधी पाहावे लागते. टायटॅनियम 'ब' जागेत शिरते, लोहाच्या प्रत्येक अणूचे शेजारी निराळे होतात, आणि पुस्तकातल्या रेखीव सहा रेषांऐवजी रुंद, पसरट, एकमेकींत घुसलेल्या रेषांचा आलेख मिळतो. त्यात हवा व पाणी लागून कण हळूहळू ऑक्सिडीकृत होतो. फेरस लोह फेरिक बनते, काही 'ब' जागा रिक्त पडतात, आणि कण पूर्वीसारखाच काळा व चुंबकाला पूर्वीसारखाच चिकटणारा राहतो. चुंबकाला हा फेरबदल कळत नाही. आलेखात मात्र ०.६६ ची माळ क्षीण होत जाते आणि फेरिकची बळावते.

हीच परीक्षा परग्रहावरही झाली आहे. २००४ च्या जानेवारीत 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' ही दोन याने मंगळावर उतरली, त्या दोहोंवर जर्मनीतील माइन्झ येथे क्लिंगेल्होफर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले, हातात मावेल एवढे मोसबाउअर उपकरण होते. आणि हवेतील धूळ धरण्यासाठी यानांवर चुंबक बसविले होते. चुंबकावर साठलेल्या तांबूस धुळीसमोर ते उपकरण नेऊन धरले असता आलेखात मॅग्नेटाइटच्या माळा उमटल्या, आणि त्यांच्या शेजारी ऑलिव्हिनमधील फेरस लोहाच्या दोन रेषाही. ऑलिव्हिन हे पाण्यात फार काळ न टिकणारे खनिज. तेव्हा ही धूळ ज्या झिजेतून निर्माण झाली तीत पाण्याचा हात फारसा नव्हता, असे अनुमान २००५ साली प्रसिद्ध झाले. त्या दोहोंपैकी 'ऑपॉर्च्युनिटी'ने त्याच उपकरणाने मंगळावरील मेरिडियानी भागातल्या खडकांत जॅरोसाइट हे पाण्याशिवाय न होणारे लोहाचे सल्फेटही दाखविले होते, आणि दोन्ही निर्णय अद्याप एकमेकांच्या शेजारी उभे आहेत.